गुरुजी, माझा फॉर्म तुम्ही भरलाच नव्हता

आज सकाळी आमचे गुरुजी गेले, आणि मला रडू आलं नाही.

शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेले फोटो सुरू आहेत. देवमाणूस, ज्ञानाचा सागर, वगैरे. मीही दोनदा टाईप केलं. दोनदा पुसलं.

म्हणून इथे लिहिते. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची आमची शाळा. दोन खोल्या, सात वर्ग, एक गुरुजी, एक बाई.

मी तिसरीत असताना पाचवीची गणितं तोंडी सोडवायचे. सगळे वर्ग एकत्र बसायचे, कानावर पडायचं, येऊन जायचं. माझी त्यात काही कमाई नव्हती.

हे पहिल्यांदा गुरुजींच्या लक्षात आलं. खोटं कशाला बोलू?

शाळा सुटताना ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एक गणित लिहून द्यायचे.

"घरी जाऊन कर गो. नाय सुटलं तर रडायचं नाय."

त्या एका कागदासाठी मी दिवसभर शाळेत बसायचे.

कारण बाकीचा दिवस मी शिकवायचे. हो, मीच! गुरुजी वरून मागवलेले तक्ते भरत बसायचे आणि पहिली-दुसरी माझ्या ताब्यात. साहेब तपासणीला आले की मला चौथीतून उचलून सहावीत बसवायचे. उत्तरं मी द्यायची, शाबासकी सहावीला.

पोरं मला खेळायला घेत नसत. एकदा चाचणीत मुद्दाम चार उत्तरं चुकवली. वाटलं, आता तरी लगोरीत घेतील.

घेतलं नाहीच. वर गुरुजींची छडी खाल्ली.

का चुकवलीस, हे कुणी विचारलं नाही. "हुशार हाय, तिचं ती बघंल." सगळ्यांचं हेच.

पाचवीत गुरुजींनीच सांगितलं की सहावीपासून एक निवासी शाळा असते. परीक्षा देऊन जायचं. तिथे तुझ्यासारखीच पोरं असतात.

तुझ्यासारखीच पोरं. मी हे शब्द मनात घोकत झोपायचे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ते भर वर्गात म्हणाले, "हिचा फॉर्म परत आला. वय बसत नाही. बापाने नाव घालताना तारीख नीट सांगितली नाही, मी काय करू?"

आमच्याकडे ज्याची तारीख माहीत नाही तो एक जूनला जन्मतो. आमच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. बाबांनी सांगितलं होतं, "भात झोडायच्या टायमाला झाली." रजिस्टरात एक जून लिहिला तो गुरुजींनी.

पण एवढं कळायचं वय नव्हतं माझं. घरी येऊन बाबांवर ओरडले, "तुमाला माझी तारीख पन म्हाईत नाय! तुमच्यापायी गेली माझी परीक्षा!"

 बाबा दुसऱ्या दिवशी काम टाकून शहापूरच्या कचेरीत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. या टेबलावरून त्या टेबलावर. घरात जन्मलेल्या पोरीची नोंद कुठे सापडणार?

शेवटी गुरुजींच्या पाया पडले. "पुढल्या साली तरी बघा, गुरुजी."

गुरुजींनी पाया पडू दिलं.

पुढे मी शिकले. रखडत, उशिरा. डी.एड. केलं, आज मुरबाड तालुक्यात शिकवते. पण बाबांशी बोलणं तेव्हा जे तुटलं, ते कामापुरतंच राहिलं.

गेल्या महिन्यात गुरुजींना बघायला मुरबाडला गेले. अंथरुणाला खिळले होते. मला बघून हरखले.

"आता तू पण मास्तरीण, तुला कळेल म्हणून सांगतो. तुझा फॉर्म मी भरलाच नव्हता गो. तू गेली असतीस तर पट तुटत होता. बाईंची पोस्ट गेली असती. सात वर्ग मी एकट्याने कसे ओढले असते?"

पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. तो घसरला की एक शिक्षक काढून घेतात. हे भूत माझ्याही मानगुटीवर आहे. मला कळलं, गुरुजी.

"पण बाबांचं नाव का घेतलंत?"

"काहीतरी कारण द्यायला लागतं ना गो."

काहीतरी कारण!

माझ्या वर्गात आता तशीच एक पोरगी आहे. तिला पुढच्या वर्गाची पुस्तकं देते. पहिलीच्या राखणीला बसवत नाही. रोज विचारते, आज कुणाशी खेळलीस? तिचा फॉर्म मी स्वतः भरला. आमचाही पट तुटेल. तुटू दे.

बाबांना मात्र मी काही सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार?

आज रविवार, मी पाड्यावर घरीच होते. बातमी आली तसे बाबा धुतलेला सदरा घालून मयताला निघाले.

"मोठा मानूस गो. त्यांनी लय केलं तुझ्यासाठी. चुकलो तो मी."

मग राहवेना. ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"म्हंजे मी चुकलो नवतो?"

"नाय, बाबा."

"तारखेचं कायच नवतं?"

"नाय."

टॉवेलात तोंड खुपसून रडले. मी त्यांचे पाय धरले, माफी मागायला लागले, तर त्यांनी पुरतं बोलू दिलं नाही.

मग उठून चपला घातल्या.

"तरी जानार?"

"मयताला जावाच लागतं. तू नको येवस."

ते गेले. मी नाही गेले.

गुरुजी, गणित तुम्ही दाखवलंत, ते मी नाकारत नाही. पण जिवंतपणी एकदा पाड्यावर येऊन माझ्या बापाला खरं सांगायला हवं होतंत.

आमच्या घरातून बाबा आले आहेत. त्यांची श्रद्धांजली घ्या.

माझी येईल तेव्हा येईल.