वळणाला दिलेला आवाज

“रस्ता कितीही पायाखालचा असो, वळणाला आवाज द्यावा,” असं मनूसोसकाका नेहमी म्हणायचे. चाळीस वर्षं ते पाहुण्यांना गाडीतून क्रीटच्या डोंगरातली गावं दाखवत होते. आमच्या गावाखालच्या वळणावर ते हॉर्न वाजवत आणि तो ऐकून मी कॉफीचं भांडं विस्तवावर ठेवत असे. अलीकडे ते फार थकले होते, पण गाडी सुटत नव्हती.

त्या दुपारी गाडी एकदम दारातच उभी राहिली. पाहुणे उतरून ऑलिव्हच्या उतारांचे फोटो काढू लागले.

“आर्गिरो, कॉफी कुठाय? म्हातारी झालीस की काय?” काका खुर्चीत टेकत म्हणाले.

“हॉर्न कुठे वाजवलात तुम्ही?”

त्यांचं हसू मावळलं. “वळण आलेलं आठवतच नाही गं मला,” ते हळूच म्हणाले. “डोळा लागला असणार.”

कॉफी संपवून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. “पाहुण्यांना तुझा नवरा पोचवील. मी दमलो, पोरी.”

खालच्या गावातल्या आपल्या घराकडे ते पायीच निघाले. मी दारातून बघत होते. वळणापाशी ते थांबले, मोठ्याने खाकरले आणि मगच वळले.