हळदीच्या वर अकरा फोटो

साताऱ्यात घरच्याच एका खोलीत बसून मी वेबसाइट बनवते. या कामात येऊ पाहणाऱ्या मुली विचारतात, काय काय शिकावं लागतं? रंग, अक्षरं, कोडिंग हे सगळं शिकता येतं. लोकांच्या मानपानाचा राग गिळायचा कसा, ते मला अजून जमलेलं नाही.

सांगलीजवळच्या एका घरातली सून शेतातली हळद दळून पाकिटांतून विकते. नवरा फौजेत, त्यामुळे दळण, पाकिटं, पार्सल सगळं तीच बघते. पहिल्या भेटीत तिने एकच मागणी केली. "ताई, साइट उघडली की वरच माझा नंबर मोठा दिसू दे. आमची गिऱ्हाइकं फोनवरच ऑर्डर देत्यात." या हंगामात पाकिटं खपली नाहीत तर गिरणी बंद, हळद पोत्यांनी बाजारात, असं सासऱ्यांनी तिला बजावलं होतं.

इतकी नेमकी मागणी क्वचित मिळते. मी तशीच साइट केली आणि दाखवायला एसटीने सांगली गाठली. सासऱ्यांनी ती घरातच थाटलेल्या त्यांच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाहिली आणि विचारलं, "मॅडम, ह्यात आमी कुठं हाय?"

मग चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स असतो तसं सुरू झालं. आधी त्यांचे वडील, मग ते स्वतः, दोन भाऊ, मेहुणे, गावातले पुढारी, वर्दीतला मुलगा. मोजून अकरा फोटो. कोण कुणाच्या वर, यावर तासभर खल झाला. मी म्हटलं, "अहो अण्णा, लोक साइट मोबाईलवर बघतात. तिथे हे अकरा जण एकाखाली एक येणार. हळदीपर्यंत पोचणार कोण?"

"येऊ द्या की. मानसं बघूनच लोक माल घेत्यात."

अकरांत बाई एकही नव्हती. सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली, आणि मीही "बरं" म्हणून मोकळी झाले. त्या अकरा जणांपेक्षा मला माझ्या त्या "बरं"चा जास्त संताप येतो.

महिन्याने तिचा फोन आला. "ताई, एक बी फोन न्हाई वो आला."

मी माझ्या मोबाईलवर साइट उघडली. फेटा, मिशा, गॉगल, पुन्हा मिशा. अंगठा दुखला तेव्हा कुठे तळाशी हळद दिसली आणि तिच्याही खाली नंबर. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याला शिव्या घालायची सोय नव्हती, कारण हे सगळं मीच माझ्या हाताने मांडलं होतं. आधी मोबाईलवर बघा, मग कॉम्प्युटरवर, हे मीच जगाला सांगत फिरते.

त्याच दुपारी मी बदल केला. कॉम्प्युटरवर अकराच्या अकरा जागच्या जागी ठेवले. मोबाईलवर एकही नाही, फक्त पाकीट आणि नंबर. सासऱ्यांकडे बटणांचा साधा फोन, साइट ते ऑफिसातच बघायचे. बाकीच्यांनी ती उघडलीसुद्धा नव्हती, आपला फोटो आहे एवढ्यावरच त्यांचं भागलं होतं. सुनेला मात्र मी आधीच सगळं सांगितलं होतं. ती "करा" म्हणाली होती.

फोन यायला लागले. पंधरा दिवसांनी सासऱ्यांचाही आला. "बघा मॅडम, म्हनलं नव्हतं? फोटू लावलं आन् लय ऑर्डरी याय लागल्या. गिरणी ऱ्हाऊ दे चालू. आनी एक फोटू पाठवतो, आमच्या व्याह्यांचा."

मी दातओठ खात "पाठवा" म्हटलं. खरं बोलले असते तर माझा राग निवला असता, पण गिरणी तिची बंद पडली असती.

संध्याकाळी सुनेचा मेसेज आला. "ताई, मोबाईलवर माझा एक फोटो लावता येईल का? बारकासा चालंल. घरातलं कुणी तिथं बघत न्हाई." खाली फोटो होता. डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत पिवळे हात, गिरणीपाशी उभी राहून हसत होती.

मी तो सगळ्यात वर लावला, नंबरच्या शेजारी. बारका केला नाही.