पाहुणीच्या खांद्यावरची ओढणी

पुढारी भेटवस्तू घेतात तेव्हा त्यांचे हात पाहावेत. तोंड कॅमेऱ्याकडे हसत असतं, आणि हात ती वस्तू मागच्या माणसाकडे सोपवून केव्हाच मोकळे झालेले असतात. हे मला पांढरकवड्याच्या मंडपात कळलं, ते याडीमुळे. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारे, आमच्यात असंच म्हणतात.

कुठल्याशा देशाच्या वकिलातीतल्या मोठ्या बाई आमच्या भागात येणार होत्या. त्यांच्या खांद्यावर घालायला आरशांची ओढणी हवी म्हणून आमच्याकडचे पुढारी, सगळ्यांचे भाऊ, स्वतः तांड्यावर आले. याडीनं विकायला भरलेली नवी ओढणी दाखवली. भाऊंनी ती बोटानं बाजूला सारली.

"काकी, अशी तं मले बाजारातही भेटते. तुमच्या लग्नातली द्या. असली."

ती ओढणी याडीच्या आईनं भरली होती, आणि उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर जायची होती. तरी याडी लगेच हो म्हणाली, कारण आमच्या तांड्यात एक रीत आहे. मोठी पाहुणी आली की घरची बाई डोक्यावरची ओढणी काढून तिला पांघरते. पाहुणी ती घटकाभर अंगावर ठेवते आणि स्वतःच्या हातानं परत घरच्या बाईच्या डोक्यावर घालते. न परतवणारी पाहुणी याडीनं जन्मात पाहिली नव्हती.

मंडपात याडीनं ओढणी पांघरली. बाई हसल्या, हात जोडले, फोटो झाला. ओढणी खांद्यावरून उतरली, मागच्या साहेबाकडे गेली, त्याच्याकडून आणखी मागे. आणि याडी डोकं वाकवून तिथंच उभी राहिली. उघड्या डोक्यानं, एवढ्या लोकांसमोर, वाट पाहत. भाऊंना वाटलं, आशीर्वाद मागतेय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचाही फोटो निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

बहिणीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा याडीनं मला भाऊंच्या बंगल्यावर पाठवलं. भाऊ घरी नव्हते. वहिनींनी प्रेमानं बसवलं, चहा दिला, चिवडा पुढे केला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"थे होय बाई. त्या मॅडमनं तं गाडीत बसाच्या आधीच वापस केलती. त्याइले भारी वस्तू घेता येत नाही म्हणे. मंग इथंच पडून होती. आरसे टोचत, वासही येत होता. भांडेवाली आलती, तिले देऊन टाकली."

मग त्यांनी चिवड्याचा स्टीलचा डबा माझ्याकडे सरकवला.

"हा आला त्याच्यात. चांगला जाड हाये. घे नं अजून, लाजू नको."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला.

घरी खोटंच सांगायचं ठरवलं होतं, पण याडीपुढे ते जमलं नाही. सगळं सांगितलं. बहीण चुलीपाशी बसून ऐकत होती. याडीनं विचारलं, "डबा केवढा होता?"

मी दोन्ही हातांनी दाखवला.