ओव्हन दोनची डिस्क

"फाइल्सचा बॅकअप आहे माझ्याकडे," केविन तिसऱ्यांदा म्हणाला. केविन हेड ऑफिसचा आयटी मॅनेजर. आमचा बिस्किटांचा ओव्हन नंबर दोन थंडगार पडला होता आणि केविनच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर एकच ओळ दिसत होती: लायसन्स सापडत नाही.

नेपरव्हिलपासून तासाभरावरच्या या प्लांटमध्ये मी कंट्रोल्स इंजिनिअर होते. २००६ चा जानेवारी. ओव्हनचे बर्नर आणि पट्टा चालवणाऱ्या पेटीला पीएलसी म्हणतात. आमचा पीएलसी जुनापुराणा, त्याचा प्रोग्रॅम एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकलेला. ख्रिसमसच्या सुट्टीत वीज बंद ठेवली, बॅटरीने दगा दिला, प्रोग्रॅम पुसला गेला. तो परत भरायचं सॉफ्टवेअर विंडोज ९५ वरच चालायचं, आणि तसा एकमेव कॉम्प्युटर केविनने दोन महिन्यांपूर्वी भंगारात काढला होता. आधी फाइल्स कॉपी केल्या, हे खरं. पण लायसन्स फाइलमध्ये नव्हतंच. ते डिस्कच्या एका लपवलेल्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. हे मी तेव्हाच ईमेलने कळवलं होतं. उत्तर आलं, "नोटेड."

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. प्लांट मॅनेजर रॉनने नव्या पीएलसीची चौकशी केली. सहा आठवडे लागणार होते.

"सोमवारपासून सेकंड शिफ्टला घरी बसवावं लागेल," तो म्हणाला.

सेकंड शिफ्टची लीड डार्लीन दारातच उभी होती. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस कंपनीच्या इन्शुरन्सवर चालू होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आता माझा गुन्हा सांगते. कॉम्प्युटर भंगारात गेला, पण त्यातली डिस्क मी आधीच काढून घेतली होती. जुनं हार्डवेअर ठेवून घेतलं तर नोकरी जाईल, असा लेखी हुकूम होता. तरीही ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती, एका चपट्या स्टीलच्या डब्यात.

पार्किंग लॉटमधून नवऱ्याला फोन केला.

"वेडी आहेस का? आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. तुला टर्मिनेट करतील यार!"

"करू देत. गप्प बसले तर डार्लीनकडे कुठल्या तोंडाने बघू?"

शेवटी तो म्हणाला, "जॅकेट तरी घातलंयस ना?"

घातलं नव्हतं. आत गेले आणि डबा रॉनच्या टेबलावर ठेवला.

"ओव्हन दोनची डिस्क. मी ठेवून घेतली होती."

केविन लालबुंद झाला. "हे पॉलिसीच्या विरुद्ध आहे!"

"आहे. आता कामाचं बोलू या?"

डिस्कची अथपासून इतिपर्यंत नक्कल केली, लपवलेल्या कोपऱ्यासकट, आणि ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चढवली. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेला जुना कॉम्प्युटर. नव्या फ्लॅटमध्ये सासऱ्यांची खोली जशीच्या तशी मांडून दिली की ते कुरकुरत नाहीत, तसंच हे.

"विंडोज ९५ माझ्या नेटवर्कवर चालणार नाही," केविन म्हणाला.

"त्याला नेटवर्क कार्डच देत नाही. झालं समाधान?"

लायसन्स सापडलं. पण पीएलसी ढिम्म. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नव्हता. जुन्या यंत्रांशी बोलायची ती नऊ पिनांची जागा. यूएसबी कन्व्हर्टर लावून बघितला, सॉफ्टवेअरला तो पटेना. शेवटी शिपिंगमधला धुळीने माखलेला डेस्कटॉप उचलून आणला, सगळी मांडामांड त्यावर पुन्हा केली आणि केबल थेट जोडली. प्रोग्रॅम चढायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात रॉनने मला दोनदा विचारलं, "हँग झालंय का?"

बर्नर पेटले. शुक्रवारची दुपार होती. डार्लीनने ग्लोव्ह्ज चढवले आणि पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली. माझे डोळे भरून आले, ते मी धुळीवर ढकललं.

पुढच्या आठवड्यात एचआरने वॉर्निंग लेटर पुढे केलं: कंपनीचं हार्डवेअर विनापरवाना बाळगलं. नोकरी वाचली होती.

"सही कर आणि विसरून जा," रॉन म्हणाला.

सही केली. खाली शेऱ्यासाठी रिकामी जागा होती. तिथे लिहिलं: "आरोप मान्य. याच डिस्कच्या नकलेवर ओव्हन दोन चालू आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन."

केविनने ती डिस्क मागून घेतली, सेफमध्ये ठेवायला. मी दिली, पोचपावती घेऊन. धडा एवढाच, की जुनं मशीन खुशाल टाका, पण आधी त्याची पूर्ण नक्कल करा आणि ती चालवून बघा. आणि बॅटरी वेळेवर बदला.