उंडीचं तेल

माझा नवरा सात वर्षं दर डिसेंबरात सायकलने कोकणात जायचा. संगमनेरातले बारा-पंधरा जण, बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. तीन दिवस सायकल मारत समुद्रकाठच्या एका लहानशा गावात पोचायचे, तिथे एका घरी उतरायचे आणि सायकली टेम्पोत टाकून परत यायचे. "बायका नसतात गं आमच्यात," तो म्हणायचा. ते खरं होतं. शिवाय सासूबाईंचे गुडघे पार गेलेले. त्यांना उठवायला-बसवायला घरी कोणीतरी लागायचं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी, हे न बोलताच ठरलेलं होतं.

सासूबाई गेल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकवते त्या शाळेच्या मैदानावर सायकल शिकले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. दोन्ही कोपरं सोलवटली. दिवाळीपर्यंत अकोले रोडला वीस किलोमीटर जाऊन यायला लागले. त्या वर्षी ग्रुपने पहिल्यांदाच बायकांनाही घ्यायचं ठरवलं. मी नाव दिल्याचं सांगितलं, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "झेपतंय का बघ."

पहिल्याच सकाळी चंदनापुरी घाटात मला धाप लागली. नवरा पुढे निघून गेला होता. ग्रुपमधले सगळ्यात वयस्क, दूध डेअरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्यासाठी थांबले. म्हणाले, "मॅडम, दमानं घ्या. घाट कुठं पळून चाललाय व्हय?" माळशेज उतरताना मात्र मी ब्रेकवर बोटं ठेवून, घशातून ओरडत खाली आले. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या चहाला नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आपण दोघं लॉजवर राहू. त्या घरी फार गर्दी होते." मला वाटलं, दोघांनाच राहायचं असेल. या वयात मी लाजलेसुद्धा. पण ग्रुपबरोबर आलेल्या बाकीच्या दोघी बायका काय म्हणतील म्हणून म्हटलं, "नको, सगळ्यांबरोबरच राहू."

नारळाच्या वाडीत कौलारू घर होतं. साठीच्या घरमालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. कोणीतरी माझी ओळख करून दिली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हेल्मेटकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"अगोबाई! म्हणजे गुडघे बरे झाले?"

"कोणाचे?"

"तुमचे हो! दरवर्षी मी तुमच्या ह्यांना सांगायची, वहिनींना एसटीने तरी आणा एकदा. तर म्हणायचे, तिला चार पावलं टाकवत नाहीत. म्हणून तर आमच्या वाडीतल्या उंडीच्या बियांचं तेल द्यायची मी तुमच्यासाठी. लागू पडलं म्हणायचं!"

ती बाटली मला माहीत होती. "कोकणातून आणलंय, आईला लाव," म्हणून तो दरवर्षी माझ्या हातात द्यायचा. सात हिवाळे मी ते उग्र वासाचं तेल सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळलं होतं. शाळेत खडू धरला तरी बोटांना तो वास यायचा.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाठ करून सायकलची चेन पुसत होता. बाकीच्यांकडे पाहिलं. डेअरीतले ते गृहस्थ बुटाची नाडी सोडत होते, सोडतच होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "लागू पडलं."

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारणीला हाक मारली. "बघा, चालता येत नव्हतं, सायकल मारत आल्या!" शेजारणीचेही गुडघे दुखत होते. तेल गरम करून लावायचं की तसंच, दिवसातून किती वेळा, ते सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं.

संध्याकाळी समुद्रावर आम्ही दोघंच मागे राहिलो, तेव्हा मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"अगं, लोक विचारतात. काहीतरी सांगावं लागतं."

"'मला तिला आणायचं नाही,' असं सांगायचं होतं."

त्याने पायावरची वाळू झटकली. मग म्हणाला, "चार दिवस मला काही नको असायचं. घर नको, आईचं दुखणं नको."

"आणि मी?"

"तू त्यातच आलीस ना."

तो चिडून बोलला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, हे सांगावं तसं सांगितलं. मी उठून घराकडे चालायला लागले. त्याच्या आईचं दुखणं सात वर्षं मी काढलं, आणि तेच दुखणं माझ्या अंगावर घालून हा इथे त्या बाईंच्या हातचं जेवत होता.

परतीच्या प्रवासात आम्ही शेजारी बसलो. भांडलो नाही. भांडलो असतो, तर कदाचित काही मिटलं असतं. त्याने माफी मागितली नाही, आणि मागावी असं मीही कधी सुचवलं नाही.

पुढच्या डिसेंबरात त्याने नाव दिलं नाही. मी दिलं. या वेळी ग्रुप दुसऱ्याच गावी गेला, दुसरा किनारा. चौथ्या दिवशी वाळूत सायकल ढकलत असताना लक्षात आलं, की घराची मला एकदाही आठवण झालेली नाही. तो काय म्हणत होता, ते तेव्हा मला नेमकं कळलं. राग कमी व्हायला हवा होता. तो उलट वाढला. असे चार दिवस माणसाला लागतात हे त्याला आधीपासून माहीत होतं, आणि ते मलाही लागत असतील, हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.