रेसच्या गाडीचा शेवटचा पिस्टन

पिस्टन निघायला तयार नव्हता. सिलिंडर बेंचवर उलटा धरून मी लाकडी ठोकळ्याने ठोकत होतो आणि समोर स्टुलावर बसलेले नाना प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. दोन महिन्यांत हे दुसऱ्यांदा घडत होतं.

धुळ्यात माझं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, रिक्षा, पंप, येईल ते काम करतो. पण जीव रमतो तो जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत. या इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. तेल कमी पडलं किंवा इंजिन फार तापलं, की पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. आम्ही म्हणतो, सीझ झालं.

नाना धरणगावचे. कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं. तरुणपणी मातीच्या ट्रॅकवर रेस खेळायचे, तेव्हाची ही मोटरसायकल. रेससाठीच बनवलेली, त्यामुळे हेडलाइट नाही, हॉर्न नाही. अशी दुसरी मी खानदेशात पाहिलेली नाही. कित्येक वर्षं ती गोणपाटाखाली पडून होती. नाना रिटायर झाले, त्यांनी पहिल्यांदा तिच्यावरचं गोणपाट काढलं आणि ती माझ्याकडे आणली; पिस्टन मी बसवून दिला.

अडचण अशी की सीझ झालं की सिलिंडरला ओरखडे पडतात. मग तो बोअर करायचा, म्हणजे आतून कातून थोडा मोठा करायचा, आणि मोठा पिस्टन घालायचा. त्यालाही मर्यादा असते.

"नाना, आता एकच साइज उरलीय. हा पिस्टन गेला तर सिलिंडर भंगारात. मग गाडी फक्त फोटो काढायला."

"भाऊ, माले एक डाव तिले टॉपवर पळाडानी शे. मंग ठेव फोटोले."

पहिल्यांदा गाडी सीझ झाली तेव्हा मी स्वतःलाच दोष दिला होता. पिस्टनची फिटिंग घट्ट झाली असेल म्हटलं. पण स्पार्क प्लग काढून पाहिला तर काळा, ओला. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे तर शिकाऊ पोरगाही सांगेल. म्हणून मी कार्ब्युरेटरमधला जेट लहान बसवला. जेट म्हणजे पितळेचा छोटा तुकडा. त्याच्या भोकातून मोजकं पेट्रोल जातं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. गाडी एरंडोलच्या रस्त्यावर जेमतेम आठ किलोमीटर गेली आणि परत जाम.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "नाना, खरं सांगा. तेल टाकायला विसरता ना?"

नाना स्टुलावरून उठलेच. "बठ्ठा जलम जिनिंगमा गया, एक बेरिंग कोरडं नही ठेवं मी! आनि मन्ही गाडीले उपाशी ठेवसू?"

मला वाईट वाटलं, पण माफी मागायचं सुचलं नाही. आमच्या धंद्यात ती सवय कमीच.

शेवटचा पिस्टन बसवला. गाडी सुरू करण्याआधी सहज म्हणालो, "मिक्सिंग इथंच करा, माझ्यासमोर." नानांनी घरून आणलेला लिटरभर पेट्रोलचा कॅन काढला. लिटरला चाळीस मिली, असं मी बजावून सांगितलं होतं. त्यांनी खुणेच्या बाटलीतून बरोबर चाळीस ओतलं. थांबले. मग परत तेवढंच ओतलं.

"हे काय?"

"वरतून थोडं. तेल टपकस तठे बेरिंग जळत नही, भाऊ."

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली. जिनिंगच्या बेरिंगला ते खरं आहे. पण इथे जेटच्या भोकातून ठरावीकच मिश्रण जातं. त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं आणि घटलेल्या पेट्रोलवर इंजिन जास्त तापतं. वर ते जादा तेल जळून प्लग काळा करतं. तो काळा प्लग बघून मी काय केलं होतं? पेट्रोल आणखी कमी केलं होतं. नानांच्या मायेने इंजिन आजारी पडलं होतं. झोपवलं माझ्या जेटने.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. अगदी जेटसकट. गप्प बसलो असतो तर त्यांना कळलं नसतं. त्यांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

"म्हंजे आपुन दोन्हीस्नी मिळीसन मारं तिले."

"हो नाना."

"मंग आते दोन्हीस्नी मिळीसन जगाडू."

जुना जेट परत घातला. मेडिकलमधून सिरिंज आणली आणि तेल तिनेच मोजायचं ठरवलं. टाकीचं झाकण लावताना नाना पुटपुटत होते, "उपाशी मरी जाई बिचारी."

नवा पिस्टन रुळावा म्हणून तीन रविवार गाडी सावकाश फिरवली. चौथ्या रविवारी सकाळी धरणगावबाहेरच्या सरळ रस्त्यावर नानांनी हेल्मेट चढवलं. मी कडेला उभा राहिलो. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि लांब जाऊन एकदम तुटला. गेला शेवटचा पिस्टन, म्हटलं. मग कळलं, गिअर बदलला होता. पुढे तो परत चढला आणि यावेळी थांबला नाही.

नाना आले. हेल्मेट काढेनात. मी काच वर केली तर डोळ्यांतून धार. इंजिन चालूच होतं.

आता कुणी सीझ झालेलं इंजिन घेऊन आलं की पाना उचलायच्या आधी मी म्हणतो, तेल कसं टाकता ते करून दाखवा. सांगू नका. सांगताना सगळेच चाळीस मिली टाकतात.