हटवार मॅडमचा चढता क्रम

हटवार मॅडमना राग आला की आवाज चढत नाही, उतरतो. वर्ग फारच कलकलायला लागला की त्या हळूहळू कुजबुजीवर येतात. मग पोरंच एकमेकांना ढोसतात, ‘चूप ना बे, मॅडम काय बोलून राहिल्या ते आयकू दे,’ आणि वर्ग गप्प. त्यांची दुसरी खूण म्हणजे ‘बघू या, मोजू या.’ यातलं ‘बघू या’ वर चढतं आणि ‘मोजू या’ पायरीपायरीनं खाली उतरतं. आमच्या गावातलं कोणतंही पोट्टं ही चाल झोपेतसुद्धा बरोबर म्हणतं. माझी धाकटी बहीण रक्षा दुसरीत आहे. भाजीत मीठ जास्त झालं तरी ती आईला त्याच चालीत म्हणते, ‘बघू या, मोजू या,’ आणि आई लाटणं उगारते.

मॅडमचं पूर्ण नाव कामिनी हटवार. माहेर पवनीचं, घराणं कोष्ट्याचं. वडील मागावर बसायचे आणि कामिनी खाली बसून पाढे म्हणायची. मागाच्या ठेक्यावरच तिचे पाढे पाठ झाले. म्हणून आजही ‘बे एके बे’ म्हणताना मॅडमचा उजवा हात मागाचा धोटा फेकल्यासारखा डावीकडून उजवीकडे जातो. त्यांनी शिकवलेली सगळी पोरं पाढे तसेच म्हणतात. पाचवीत आम्ही अड्याळच्या शाळेत गेलो, तेव्हा तिथल्या सरांनी विचारलं, ‘तुमच्या गावच्या पोरायच्या हाताले काय झालं?’

मॅडम अड्याळला खोली घेऊन राहतात आणि स्कूटीनं येतात. पहिली ते चौथीचे सगळे एकाच मोठ्या खोलीत, त्यांच्यासमोर. दुसऱ्या शिक्षकाची जागा कागदावर आहे, माणूस अजून आलेला नाही.

आमच्या गावाचं सांगायचं तर ते एक नाही, दोन आहेत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात करंजटोला गेला आणि सोनघाटही गेला. दोघांना एकाच माळावर प्लॉट मिळाले. मधून एक डांबरी रस्ता. अलीकडे करंजटोलावाले, पलीकडे सोनघाटवाले. दोन हनुमान, दोन किराणा दुकानं, दोन पोळे. पोळ्याला बैलांच्या डोक्यावर जे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, ते मानाच्या घरच्या बैलानं आधी तोडायचं असतं. करंजटोल्यात हा मान सेवकराम आज्याच्या घरचा, सोनघाटात गोपीचंद आज्याच्या. गावं बुडाली, मान मात्र दोघांनी ट्रॅक्टरवर चढवून आणला.

शाळा तेवढी एकच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. लाकडाचा नंदी सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा आणि खाऊ म्हणजे बोजारा घ्यायचा. तेही आमच्याकडे रस्त्याच्या दोन बाजूंना दोनदा. यंदा मॅडम म्हणाल्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेत तान्हा पोळा करू. एक अंगण, एक तोरण, सगळ्यांचे नंदी.

आठवडाभर वर्गात दुसरं काही नव्हतं, आणि सगळं त्यातच होतं. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, काळी माती आली. कणसाची दाणे काढलेली बुरकुंडं आली, धानाची तनीस आली. चौथीवाल्यांनी नंदीची लांबी-उंची पट्टीनं मोजून फळ्यावर लिहायची, तिसरीनं त्यांची बेरीज करायची, दुसरीनं बेगडाचे त्रिकोण-चौकोन कापायचे. पहिलीवाल्यांनी माती खायची नाही, एवढंच. भाषेच्या तासाला झडत्या. तोरणाखाली म्हणतात त्या झडत्या पोरांनी स्वतः जुळवायच्या होत्या. कुलदीपची, म्हणजे गोपीचंद आज्याच्या नातवाची झडती अशी झाली:

खडू रे खडू, पांढरा खडू,
हजेरी लागली, आता नको रडू!
खिचडीत वटाणा शोधू मी किती,
चमचा हाय मुंगी नं भूक हाय हत्ती!
हर बोला, हर हर महादेव!

खिचडी रांधणाऱ्या कलाबाई दारातून ओरडल्या, ‘पोट्ट्या, उद्या तुह्या ताटात वटाणेच घालतो, भात मागशील तं पाहाय!’ पोरांनी ‘हर हर महादेव’ इतक्या जोरात म्हटलं की कौलावरचा कावळा उडाला.

आणि दुसऱ्या दिवशी गोपीचंद आजा शाळेत आला.

गोपीचंद आजा ‘हाव’ म्हणतो ते ताणून ताणून. ‘हाऽऽव मॅडम, आयकलं म्या. येकच तोरण मनते. तं मंग तोडन कोन?’

‘बघू या,’ मॅडम म्हणाल्या.

‘बघाचं काय त्याच्यात? सोनघाटचा मान हाय. माह्या कुलदीपचा नंदी पयला. नाई तं सांगून ठेवतो, अड्याळच्या कानवेंटची व्हॅन आमच्या मोहल्ल्यात याले तयार हाय. सोनघाटचे सारे पोट्टे उचलतो नं धाडतो तिकडं.’

तो गेला नाही तोच सेवकराम आजा. हा बोलण्याआधी दोनदा खोकतो, मग सुरू होतो. ‘खुह, खुह. मॅडमबाई, गोपीचंद येऊन गेला म्हने. मले काई भांडाचं नाई. पन तोरन करंजटोल्याचं. माह्या नातीच्या, रिताच्या हातात नंदी देतो, ते तोडते. नाई तं आमचे पोरं त्या दिवशी येनार नाई. नं त्याच्या नंतरबी नाई.’

मॅडमनी चिठ्ठी टाकू म्हटलं. आजा दुखावला. ‘मान का चिठ्ठीनं ठरते, मॅडमबाई?’

त्या दिवशी मॅडमनी पाढे घेतले तेव्हा हात हलला नाही. रक्षानं घरी येऊन सांगितलं तेव्हाच आम्हाला कळलं की प्रकरण गंभीर आहे. एका बाजूची पोरं गेली तर खोली अर्धी होणार. अर्धी खोली कोणा साहेबाच्या नजरेत आली की शाळा दुसरीकडे जोडून टाकणार, आणि पहिलीतली पोरं मोठ्या रस्त्यानं पायी जाणार. माझी आई त्यांना म्हणाली, ‘मॅडम, होऊन जाऊ द्या ना वेगवेगळं. आतापर्यंत होतच आलं.’ मॅडम कुजबुजल्या, म्हणजे राग आलेला होता, ‘वेगळं करायचं तर रस्ता आहेच की मधे. शाळा कशाला बांधली?’

तोरण एकच राहिलं.

सण झाला शाळेच्या अंगणात. दोन बांबू, मधे आंब्याची पानं, पळसाची पानं, पोरांनी ओवलेले झेंडू. दोन्ही मोहल्ले आले होते आणि अंगणातही मधे रस्ता असल्यासारखे दोन बाजूंना उभे होते. पोरं आपापले नंदी घेऊन बाहेर आली. मातीचे, बुरकुंडाचे, एक तर चक्क दोडक्याचा, त्याला काड्यांचे पाय. तेवढ्यात घरघर आवाज आला. सेवकराम आजा घरचा पिढीजात सागवानी नंदी घेऊन आला, चाकांवर, रिताच्या खांद्याएवढा. समोरून गोपीचंद आजा आला, त्याचा नंदी तेवढाच, वर शिंगांना पितळेच्या शेंब्या, भंडाऱ्याहून खास करून आणलेल्या.

‘आता कोनी सांगा, पयला कोन,’ गोपीचंद आजा म्हणाला.

मॅडमनी पोरांकडे पाहिलं आणि रोज खिचडीच्या वेळी म्हणतात तसं म्हटलं, ‘रांग लावा.’

आता या खोलीत रांग एकाच तऱ्हेनं लागते. पुस्तकं असोत, डबे असोत की पोरं, मॅडमच्या वर्गात चढता क्रम. लहान आधी, मोठं मागे. पोरांनी विचारच केला नाही. चौथीवाले पट्टी घेऊन धावले, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे, ‘ए तुहा मागं जा ना, शिंगं धरून मोज,’ ‘तुहा दोडका आडवा का उभा?’ बघता बघता नंदी लागले. सगळ्यात पुढे पहिलीतला अश्वजित. त्याचे बाबा धरणावर मासेमारी करतात, ते दोन्ही गावांतले नाहीत. त्याचा नंदी अंगठ्याएवढा मातीचा होता आणि त्याच्या बोटांच्या खुणा नंदीच्या पाठीवर तशाच होत्या. आणि सगळ्यात मागे, एकमेकांच्या शेजारी, ते दोन सागवानी.

मग सेवकराम आजा दोनदा खोकला. ‘हे कोन ठरवलं?’

रिता, त्याची सख्खी नात, म्हणाली, ‘चढता क्रम हाय आजा. असाच असते.’

‘बरं असते तं असते. पन मंग,’ आज्यानं बोट दाखवलं, ‘गोपीचंदचा मागं पायजे. माहा लहान हाय.’

ही गोष्ट करंजटोल्यात कोणी कधी ऐकली नव्हती. हाच आजा आयुष्यभर सांगत आला होता की पूर्ण पवनी तालुक्यात एवढा नंदी नाही.

‘हाऽऽव! लहान मने!’ गोपीचंद आजा उसळला. ‘तुहा का लहान हाय? ऊंटासारखी मान हाय त्याची! माहा लहान हाय, कोनालेबी इचारा!’

‘बघू या, मोजू या,’ रक्षा म्हणाली. मॅडम नव्हे, रक्षा. अगदी त्याच चालीत. दोन्ही बाजूंनी हसू फुटलं.

मोजलं. गोपीचंद आज्याचा नंदी बोटभर उंच निघाला. ‘शेंब्या धरल्या तुमी! शेंब्या का नंदीचं आंग हाय?’ म्हणत त्यानं त्या पितळी शेंब्या स्वतःच्या हातानं उपटून धोतराच्या सोग्यात टाकल्या. परत मोजलं. आता सेवकरामचा उंच. ‘मंग चाकं कायले धरता?’ म्हणत सेवकराम आजा खाली बसला, नंदी आडवा केला आणि चाकाची खीळ दगडानं ठोकायला लागला. दोघंही मातीत गुडघे टेकून, आपापला नंदी कसा बारका आहे ते पटवून देत होते. त्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्या दोघी शेजारी कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं.

इतक्यात पुढून आरोळी आली. अश्वजितला एवढा वेळ दम निघणार कुठला? तो आपला अंगठ्याएवढा नंदी तळहातावर घेऊन तोरणाखाली जाऊन पोचला होता. हात पुरेना म्हणून मॅडमनी त्याला उचललं, आणि त्यानं नंदीच्या शिंगानं एक झेंडू तोडला. मागून सगळी रांग धडाधड. कुलदीपनं झडती सुरू केली, रितानं त्यात आपली जोडली, आणि ‘हर हर महादेव’ दोन्ही बाजूंनी एकदमच आलं, कारण आता बाजू राहिल्याच नव्हत्या. सगळे बोजाऱ्यासाठी कलाबाईंच्या परातीभोवती होते.

दोघे आजे उठले तेव्हा तोरण जमिनीवर होतं.

गोपीचंद आज्यानं ते पाहिलं, सेवकरामकडे पाहिलं, मग मॅडमकडे चालत गेला. मॅडमनी अश्वजितला खाली ठेवलं आणि पदर नीट केला. आम्हाला वाटलं, आता व्हॅनचं निघतं.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘पुढच्या साली कुलदीप पाचवीत जाते. इथं नाई राहात.’

‘हो,’ मॅडम कुजबुजल्या.

‘पन त्याची बहीन खुशबू पयलीत येते. तिले मी इतलासा,’ त्यानं चिमटीत हवा पकडली, ‘इतलासा नंदी करून देतो. तांदळाएवढा! मंग पाहू सेवकराम काय करते.’

‘खुह, खुह,’ मागून आवाज आला. ‘माह्या घरचीबी दोन लेकरं येऊन राहिली ना पयलीत. तांदूळ मोठा असते बा. मी राईएवढा करतो.’

‘राईले पाय कुठून लावशीन बे?’

‘थे माहं मी पाहीन. तुले कायले सांगू?’

दोघं भांडत भांडत खिचडीच्या परातीकडे गेले. मॅडमनी फळ्यावर पुढच्या वर्षीच्या पहिलीसाठी तीन नावं लिहिली, दोन्ही मोहल्ल्यांची, आणि पोरांना पाढे म्हणायला बसवलं. बे एके बे म्हणताना त्यांचा उजवा हात नेहमीसारखा डावीकडून उजवीकडे गेला.